हातभर कमी पडलेलं वर्तुळ

“पुन्हा कमी पडलं! या अल्लाह, पुन्हा!”

आवाज वरून आला आणि मागोमाग एक लाकडी हातोडा. नुहाच्या बुटांपासून वीतभर अंतरावर तो चिखलात रुतून बसला. बरोबरच्या आठवीच्या मुली किंचाळल्या... आणि बाईंना काही झालं नाही हे पाहून लगेच खुदखुदू लागल्या.

नुहानं मान वर केली. आसी नदीच्या काठचा तो जुना रहाट दुरुस्तीसाठी थांबवला होता. एरवी पाणी पिऊन काळाभोर दिसणारा, आता अर्धाअधिक नव्या, पिवळ्या लाकडाचा. त्याच्या अगदी माथ्यावर एका हातानं आरा धरून एक तरुण उभा होता.

“लागलं नाही ना?” तो वरून ओरडला.

“नाही. पण लागलं असतं तर?”

“तर खाली उतरून आलो असतो.”

“एवढंच?”

“वीस मीटर आहे, बाई! उठसूट कोणासाठी उतरत नाही मी.”

असं म्हणत तो उतरलाच. माकडासारखा सरसर, आऱ्याआऱ्यावर पाय देत. समोर आला तेव्हा त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता, आणि शेजारच्या चालू रहाटावरून उडणारे तुषार त्या भुशावर बसून चमकत होते. नुहानं नजर काढून घेतली. मग हातोडा उचलायला तोही वाकला आणि तीही... आणि दोघांनीही हात मागे घेतले. हातोडा चिखलातच राहिला.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची, हमा शहरातली. तेव्हा नदीकाठी संध्याकाळी माणसं नुसती बसायला येत. रहाटांचं ते कण्हणं दिवसरात्र कानावर असायचं, इतकं की परगावी गेल्यावर झोप लागायची नाही. नंतर शहरानं पुष्कळ पाहिलं, नको तेवढं पाहिलं. पण आज सत्तरी ओलांडलेली नुहा त्या वसंताबद्दल बोलू लागली की तिच्या आवाजात नदी जशी होती तशीच वाहते.

तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागून तिला पहिलंच वर्ष. त्या आठवड्यात वर्गात एका मुलीनं जांभई देत विचारलं होतं, “बाई, कंसाची लांबी काढून आम्हाला करायचंय काय?” नुहाला राग आला, आणि उत्तर सुचलं नाही म्हणून जास्तच राग आला. गुरुवारी ती सगळ्या वर्गाला घेऊन नदीवर आली. हमामध्ये वर्तुळ दाखवायला दुसरीकडे कुठे जाणार?

“काय कमी पडलं?” तिनं विचारलं.

“हे बाहेरचं कडं.” त्यानं वर बोट दाखवलं. “सोळा तुकड्यांचं आहे. पंधरा बसवले, सोळावा लावला, की एवढी फट राहते.” त्यानं कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून दाखवला. “आधी वाटलं, एखादा तुकडा चुकला. तपासले तर सगळे सारखे!”

“मोजलं कसं होतं?”

“कसं म्हणजे? या आऱ्याच्या टोकापासून त्या आऱ्याच्या टोकापर्यंत टेप ताणला. सरळ.”

“सरळ?” नुहाच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

“मग काय वाकडा ताणू?”

“हो!” ती म्हणाली, आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला.

तो लाल झाला. नुहालाही वाईट वाटलं. तिनं एक काडी उचलली आणि चिखलात एक धनुष्य काढलं.

“आपण अरबीत कंसाला धनुष्य म्हणतो आणि जीवेला दोरी, बरोबर? तुम्ही दोरी मोजलीत... आणि तेवढ्याच लांबीचं धनुष्य कापलंत.”

तो उकिडवा बसला. “पण दोघांत फरक असा किती? दीड बोट?”

“दीड बोट. पण सोळा वेळा.”

त्यानं मनात हिशेब केला. मग स्वतःच्या कोपरापासून बोटांपर्यंत पाहिलं. “हातभर!” तो पुटपुटला.

“रहाटाचा व्यास किती?”

“एकवीस मीटर. टोकापासून टोकापर्यंत.”

“मुलींनो, घेर सांगा!”

आता मुली पुढे सरसावल्या. बावीस सप्तमांश गुणिले एकवीस... सहासष्ट, बाई! त्याचे सोळा भाग... चार मीटर आणि साडेबारा सेंटीमीटर! जांभई देणारी मुलगी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती.

“झालं,” नुहा हात झटकत म्हणाली. “एवढे कापा. बसेल.”

“नाही बसणार.”

“का?”

“जोडाची खाच कुठाय यात? एक तुकडा दुसऱ्यात अडकवायचा तर प्रत्येकाला चार बोटं जास्तीची लागतात. नुसता टोकाला टोक टेकवून ठेवला, तर पहिल्याच फेरीत सगळं नदीत.”

नुहानं चिखलातल्या धनुष्याकडे पाहिलं. “ते... पुस्तकात नसतं.”

“म्हणजे तुम्हालाही मी लागणारच,” तो म्हणाला. फार सहज म्हणाला. पण म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि मागच्या मुलींनी लांबलचक “ओऽऽऽ” काढला. तेव्हा मात्र त्यानं चिखलातला हातोडा उपसला आणि जो वर चढला, तो मुली जाईपर्यंत खाली आला नाही.

त्याचं नाव हाझिम. बाप रहाटांचा जुना सुतार, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे आता काठावर बसून नुसता लाकडाचा वास घेत बसायचा. लष्करातली सक्तीची नोकरी संपवून हाझिम घरी आला तो थेट या रहाटावरच चढला. बापाच्या बोटांत जे होतं, ते त्याच्या बोटांत अजून यायचं होतं. नगरपालिकेनं सांगून ठेवलं होतं, एप्रिलमध्ये या बाजूला पाणी सोडायच्या आत रहाट फिरला पाहिजे. नाहीतर लाकूड काढून तिथे लोखंडी सांगाडा बसणार, दमास्कसचा कंत्राटदार तयारच होता. आणि गोदामात चांगलं लाकूड उरलं होतं ते फक्त आणखी एका प्रयत्नापुरतं.

पुढच्या गुरुवारी नुहा पुन्हा नदीवर गेली. मुलींशिवाय. पण एकटीनं जायची सोय नव्हती, म्हणून बरोबर बहीजाखाला. आईची ही धाकटी बहीण विधवा होती, गोरीपान, जाडजूड, आणि सूर्यफुलाच्या बिया फोडण्यात तिचा हात धरणारा सगळ्या हमामध्ये कोणी नव्हता. झाडाखाली बैठक मारून तिनं विणकाम काढलं.

“मी काही बहिरी नाही,” तिनं जाहीर केलं. “पण टाके मोजायला लागले की मला ऐकू येत नाही.”

आणि ती टाके मोजू लागली.

हाझिमनं फळ्या मांडून ठेवल्या होत्या. नुहा सांगायची, तो दोरी धरून खुणा करायचा. जर्दाळूचा मोहर वाऱ्यानं येऊन ओल्या लाकडावर चिकटायचा. दोघं बोलायची ती वर्तुळाबद्दलच.

“कोन वाढला की कंस वाढतो?”

“हो.”

“आणि कोन तोच ठेवून त्रिज्या वाढवली?”

“तरी वाढतो. केंद्रापासून जितकं लांब, तितका मोठा फेरा.”

“आणि केंद्रावर जो उभा असतो, त्याला कडेवरचे सगळे सारख्याच अंतरावर?”

“सगळे. म्हणून तर ते केंद्र.”

“बिचारा,” हाझिम म्हणाला. “जवळचं असं कोणीच नाही.”

नुहा हसली. मग तिचं हसू थांबलं, कारण तो हसत नव्हता. तो पाहत होता... तिच्या बोटांवर लागलेल्या खडूकडे.

असे तीन-चार गुरुवार गेले. प्रत्येक वेळी तो तेच विचारायचा, आणि ती तेच पुन्हा समजावायची. एकदा तिनं काडी खाली ठेवली.

“एक विचारू? हे सगळं तुम्हाला पहिल्याच दिवशी समजलं होतं ना?”

“छे! पहिल्या दिवशी कुठलं?” तो म्हणाला. “दुसऱ्या.”

“मग इतके दिवस?”

“एवढं चांगलं कोणी समजावून सांगत असेल... तर समजलं म्हणून कशाला सांगायचं?”

झाडाखालून बहीजाखाला म्हणाली, “एकशे बारा, एकशे तेरा...” आणि तिचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

नुहाचे वडील रेल्वेत होते, रूळ घालणाऱ्या टोळीचे मुकादम. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्यांना अबू वाइल म्हणत. निवृत्त झाले तरी घड्याळ बघून जेवत आणि घड्याळ बघून रागावत. एका सकाळी त्यांनी न्याहारी करता करता सांगितलं, “हलब शहरातून शुक्रवारी पाहुणे येतायत, तुला बघायला. मुलाचं औषधांचं दुकान आहे. चांगली माणसं आहेत.” नुहानं हातातली भाकरी तशीच ठेवली. नाही म्हणायला कारण हवं होतं. कारण होतंही... पण हाझिमनं अजून एक शब्दही विचारला नव्हता. न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर बापासमोर कसं मांडायचं?

त्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी रहाट सुरू व्हायचा होता. अर्धं शहर काठावर जमलं. हाझिमचा बाप सगळ्यांत पुढे, हात काठीवर. बांधाची फळी वर उचलली आणि पाणी धावत आलं. रहाट हलला नाही. मग लाकडातून एक बारीक करकर निघाली, जशी झोपेतून उठणाऱ्या म्हाताऱ्याची हाडं वाजतात... आणि सोळा तुकड्यांचं ते कडं इंचाइंचानं वळू लागलं. कुठे फट नाही, कुठे हिसका नाही. कड्यावरच्या लाकडी पेट्या पाण्यानं भरल्या, वर गेल्या, दगडी पाटात रित्या झाल्या. आणि तो ओळखीचा, खोल हुंकार सुरू झाला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले. “हाच,” तो म्हणाला, “हाच आवाज!”

बायकांनी आनंदाचे चीत्कार केले, पोरं पाण्यात उड्या मारू लागली. हाझिम गर्दीतून वाट काढत आला. नखशिखांत भिजलेला.

“बसलं!” तो धापा टाकत म्हणाला. “नुहा... बसलं!” ‘बाई’ म्हणायचं तो विसरला होता.

“पाहिलं मी.” ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. “उद्या आमच्याकडे पाहुणे येतायत. हलबचे.”

रहाटाचे तुषार दोघांवर पडत होते. तिची ओढणी भिजत चालली होती, पण बाजूला व्हायचं दोघांनाही सुचेना.

“तुम्हाला काय हवंय?” त्यानं शेवटी विचारलं.

नुहानं भिजलेल्या ओढणीचं टोक पिळलं. “हे... हेच तुम्ही विचारायला हवं होतं,” ती म्हणाली. “केव्हाच.”

“मग आज विचारतो. तुम्हाला नाही. तुमच्या वडिलांना.”

आणि तो ओल्या कपड्यांनिशी घराकडे पळाला.

ऊन कलायच्या आत अबू वाइलांच्या दारावर थाप पडली. हाझिम, स्वच्छ शर्टात, केस विंचरलेले. बरोबर त्याची आई, हातात पनीरच्या हलव्याचं तबक. बहीजाखाला आधीपासूनच बैठकीत बसून होती. योगायोगानं, म्हणे.

नुहानं कॉफी आणली, कप ठेवले आणि पडद्यामागे जाऊन उभी राहिली. हाझिमच्या आईनं कप उचलला नाही. समोरच ठेवला, आणि मुलीला मागणी घालायला आल्याचं सांगितलं. आता होकार मिळेपर्यंत ती घोट घेणार नव्हती. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

अबू वाइल हाझिमकडे वळले.

“सुतार ना तू?” मग त्यांनी विचारलं. “आमच्या पोरीकडून भूमिती शिकलास म्हणे. मग सांग. वळणावर दोन रूळ असतात. दोन्ही एकाच कोनातून वळतात. तरी बाहेरचा रूळ लांब का लागतो?”

पडद्यामागे नुहानं डोळे घट्ट मिटले.

“त्याची त्रिज्या मोठी असते, काका,” हाझिम म्हणाला. “म्हणून त्याचा कंस मोठा. वळण दोघांचं सारखं... पण जो बाहेर असतो, त्याला जास्त चालावं लागतं.” तो थोडा थांबला. “मला माहीत आहे. महिनाभर मी रोज तुमच्या गल्लीतूनच घरी जातो. आमचं घर पलीकडच्या काठावर आहे.”

बहीजाखालाला ठसका लागला. हाझिमच्या आईनं पोराकडे असं पाहिलं की जणू त्याला आजच पाहतेय.

अबू वाइलांनी मिशीवरून बोट फिरवलं. घड्याळाकडे पाहिलं. मग पडद्याकडे.

“बहीजा,” ते म्हणाले, “हलबच्या लोकांना फोन करावा लागेल. काय सांगशील?”

“गोवर!” खाला क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. “पोरीला गोवर आलाय.”

“तेविसाव्या वर्षी?”

“उशिरा आला. जोरात आलाय.”

पडद्यामागे नुहानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हसू की रडू, तिचं तिलाच कळेना.

मग तिला वडिलांचा आवाज ऐकू आला. इतका मऊ आवाज तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

“घ्या ना, ताई. कॉफी गार होतेय.”

आणि कप उचलल्याचा, चिनी मातीवर चिनी माती वाजल्याचा, अगदी छोटासा आवाज आला.