चॅपलच्या शेवटच्या बाकावर

कुंपण ओलांडायच्या लाकडी पायरीवर मी उभी होते आणि माझा झगा ब्लॅकबेरीच्या काट्यांत अडकला होता. वरून भुरभुर पाऊस. हातात फळांची टोपली, त्यामुळे वाकताही येईना.

"ओढू नकोस, फाटेल," मागून आवाज आला.

गिल्बर्ट फेन!

"तू तिकडे बघ आधी."

"तिकडे बघून काटे कसे काढू?"

"मग डोळे मिटून काढ."

त्याने खरंच डोळे मिटले… आणि बोटं रक्ताळून घेतली. मला हसावं की रडावं कळेना.

आम्ही दोघं नेदरकोम गावचेच, पण तोवर धड बोललोही नव्हतो. गावात माणसं दोन प्रकारची — मोठ्या चर्चची आणि त्यातून फुटून निघालेल्या साध्या चॅपलची. त्यांचा पाववाला वेगळा, आमचा वेगळा. गिल्बर्टचे वडील चर्चच्या घंटा वाजवायचे. माझे बाबा आठवडाभर गाड्यांची चाकं बनवायचे आणि रविवारी चॅपलमध्ये प्रवचन द्यायचे. आई गेल्यापासून ते घरात फारसं बोलत नसत. सगळं बोलणं प्रवचनात साठायचं.

ब्लॅकबेरी संपल्या, तरी मी त्या वाटेने जातच राहिले.

"रिकामी टोपली घेऊन कुठे निघालीस, थर्झा?"

"तुला रे काय करायचंय?"

"धरू का जरा? फार जड दिसतेय."

पण खेड्यात अशी गोष्ट लपते थोडीच! एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "थर्झी, त्या घंटावाल्याच्या पोराचं नाव या घरात नको." आवाज चढवला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

मी गिल्बर्टला सांगितलं. तो नुसती मान हलवून निघून गेला. संपलं, मला वाटलं.

पुढच्या रविवारी प्रवचन रंगात आलं असताना चॅपलचं दार करकरलं. केस पाण्याने चापून बसवलेला गिल्बर्ट आत आला आणि शेवटच्या बाकावर बसला. सगळ्या माना वळल्या. बाबा वाक्य अर्धं सोडून थांबले. रस्त्यापलीकडे त्याच्या वडिलांच्या घंटा घणघणत होत्या.

नंतर बाबांनी त्याला दारातच गाठलं. "रस्ता चुकलास का रे?"

"नाही, मिस्टर कॉटल."

"तुझ्या बापाला माहीत आहे?"

"हो. कालपासून बोलत नाहीत माझ्याशी."

बाबांनी विचारलं, "प्रवचन कसं वाटलं?"

"चांगलं होतं… पण जरा लांबलं."

मी डोळेच मिटले. आणि बाबा हसले! आई गेल्यानंतर मी त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं.

"तिची आईही हेच म्हणायची," ते डोळे पुसत म्हणाले. "चल, जेवायला चल."

बाबा पुढे, आम्ही मागे. गिल्बर्ट टोपी हातात चुरगाळत होता.

"थर्झा, मी काही देवासाठी आलो नव्हतो…"

"माहीत आहे मला."

"आता दर रविवारी यावं लागेल?"

"आयुष्यभर," मी बोलून गेले — आणि माझे कान तापले.

तो रस्त्यातच थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "चालेल."

"पाय उचला रे," पुढून बाबा मागे न बघताच ओरडले, "मटण निवतंय!"