मागच्या बाजूचा बाण

शेवटी पाहुणे सुखरूप तळ्यावर पोहोचले आणि मुलांच्या पाठी थोपटून थोपटून लाल झाल्या. पण हे तुम्ही वाचलंच नाही! कारण आत्ता मावशीच्या पाहुणघरात चिटपाखरूही नाही, आणि मावशी फोनवर बोलणी खाते आहे.

"तळं कसलं? धुळीचा खड्डा आहे नुसता! आम्ही चाललो परत!"

सुट्टीला आलेल्या आणि अखंड बडबडते म्हणून 'फटफटी' म्हणवल्या जाणाऱ्या भाचीने खिडकीबाहेर पाहिलं. निळंशार तळं, त्यात उलटा पडलेला डोंगर, एक आळशी बगळा. खड्डा कुठाय?

"आता एकच गाडी यायची राहिलीय," मावशी म्हणाली. "तीही परत गेली, तर पाहुणघराला कुलूप."

इतक्यात त्याच गाडीचा फोन! "चौफुल्यावर पाटी दिसली. वळतोय हं!" मागे बाळ रडत होतं.

"चौफुला तर हाकेवर आहे. मग गाडी दिसत का नाही?" तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे शंकासुराने, विचारलं.

डोंगराआड दगडखाणीचा भोंगा वाजला. सुरुंगाचा इशारा!

दोघांनी सायकली दामटल्या. चौफुल्यावरची पाटी रंगारीकाकांनी नुकतीच रंगवली होती. गावाच्या बाजूने बाण उजवीकडे, तळ्याकडे. शंकासुर मागच्या बाजूला गेला आणि किंचाळला, "ताई! इकडूनही उजवीकडेच! म्हणजे शहरातून येणारे सगळे थेट खाणीत!"

खाणीच्या फाटकाची दांडी वर होती, कारण तिच्यावर मुकादमांचा शर्ट वाळत होता. धुळीत चाकांच्या ताज्या खुणा होत्या. केबिनवर लिहिलं होतं : 'शिट्टी वाजताच सुरुंग थांबवा.'

"काका, शिट्टी वाजवा! गाडी आत गेलीय!"

"ऊन उतरल्यावर या," बनियनमधले मुकादम डोळे न उघडता म्हणाले.

दुसरा भोंगा झाला!  फटफटीने शर्ट ओढला आणि धूम ठोकली.

"चोर! चोर!" मुकादम मागे धावले, जीव खाऊन शिट्टी फुंकत!

खाण चिडीचूप झाली. सुरुंग उडालाच नाही. गाडी खड्ड्याच्या काठावर उभी होती, आणि बाळ गाढ झोपलं होतं.

"दोन्हीकडे बाण उजवीकडेच कसा हो?" मावशीने संध्याकाळी रंगाऱ्याला खडसावलं.

"साचा एकच आहे ना!" तो निरागसपणे म्हणाला.

"पोरांनो, जीव वाचवलेत!" पाहुण्या बाई म्हणाल्या. शर्ट परत मिळालेल्या मुकादमांनीसुद्धा मान डोलावली.

पाटी दुरुस्त झाली आणि आठवड्यात पाहुणघर तुडुंब भरलं. शेवटची, मुलांची खोलीही पाहुण्यांना गेली, तेव्हा उलट्या नावेखाली अंथरूण घालून फटफटीने खणखणीत आवाजात जाहीर केलं :

"माननीय मावशी, सदर तळे, डोंगर व बगळा यांच्याकडे आमची सुट्टी संपेपर्यंत जनतेने पूर्ववत दुर्लक्ष करावे, असा आदेश तातडीने काढण्यात यावा, ही नम्र विनंती!"