तीन फुटी तंबूतलं झाड

शनिवारी सकाळी अकरा वाजता मार्फा ओसाचॉफ नॅडीन चेर्नोफच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती आणि उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"चारच्या आत माझं झाड शोधून दे," ती म्हणाली. "चारला ते कापतील."

नॅडीनने वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते. आता ती स्वतःच तपासाची कामं घ्यायची. लार्चफर्ड गावात तिच्याइतकी खवट बाई नाही आणि तिच्याइतकी भरवशाचीही नाही. तिच्या स्वयंपाकघरात तेव्हा डग हॅडो बसला होता. त्याने जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले. माणूस सोन्यासारखा, पण कोणतीही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरायला अंमळ वेळ लागतो.

"कसलं झाड?" डगने विचारलं.

"गांजाचं. आमच्या खोऱ्यात झाडावरून दुसरं कोण रडतं?"

"डग, त्यांना आधी बसू दे," नॅडीन म्हणाली. "मावशी, पहिल्यापासून सांगा."

मार्फाने सांगितलं. तिच्या नवऱ्याने, निकने, चाळीस वर्षं एकच वाण जपला होता. कायद्याची बंदी होती तेव्हा रानात लपवून, पुढे घरटी चार झाडांची मोकळीक मिळाल्यावर उघडपणे. निक दोन वर्षांपूर्वी गेला. मागे राहिलेली बियांची बरणी उंदरांनी फस्त केली. एक दाणा उरला होता. तो रुजला, वाढला, फुलला.

"फुलं तोडून खालच्या फांद्या राखायच्या, म्हणजे झाड पुन्हा फुटलं असतं. फांद्या लावून वाण चालू ठेवला असता. मुळापासून कापलं की निकचं काहीच उरत नाही."

"हा शेवटचा दाणा होता, हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. निकचा वाण माझ्या हातून संपत आला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?"

"झाड गेलं कधी?"

"गुरुवारी. मी कॅसलगारला डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते. परत येते तो दिव्याखाली झाड वाढवायचा घरातला तंबू रिकामा. पोलीस म्हणाले, सोमवारी बघू."

"चोर फुलं खुडून नाही गेला? अख्खं झाड नेलं?"

"कुंडीसकट."

नॅडीनने हातातला कप खाली ठेवला. "म्हणजे त्याला गांजा नको होता, झाड हवं होतं. आणि या आठवड्यात झाड एकाच जागी लागतं."

ती जागा म्हणजे आमची सप्टेंबरची जत्रा. भोपळे, मुरंबे, लोणची आणि गेली काही वर्षं गांजाच्या झाडांची स्पर्धा. जिंकलेलं झाड चार वाजता मंचावर बुडापासून कापतात आणि तुळईला उलटं टांगतात. टाळ्यांनी छप्पर उडायची पाळी येते.

"मी काल तिथे जाऊन आले," मार्फा म्हणाली. "तीन झाडं आहेत. तिन्ही जत्रेच्या काळ्या बादल्यांत, तिन्हींची पानं उतरवलेली. नागडी झाडं एका डोळ्याने कशी ओळखणार? पण माझं झाड आडवं होतं, टेबलासारखं. तिथे आडवं एकही नाही. आणि माझं तिथे असेल तर तेच जिंकणार."

"तुमचं झाड कोणी कोणी बघितलं होतं?"

"बुधवारी बोर्श्टला, बिटाचं सूप प्यायला, आलेल्या तिघांनी. तिघांची झाडं स्पर्धेत आहेत. किल्ली सरपणाखाली असते, हे तिघांनाही माहीत आहे."

*

मार्फाच्या कोठीघरात तंबू उभा होता. बाहेरून काळं कापड, आत चकचकीत चंदेरी. दोन फूट रुंद, चार फूट लांब, उंची जेमतेम पाच फूट.

"इतका बुटका का घेतलात?" डगने विचारलं. त्यालाही तंबू घ्यायचा होता, पण सहा महिने त्याचं मापच ठरत नव्हतं.

"फडताळाखाली याहून मोठा बसत नाही. दुकानदार ग्लेन म्हणाला, झाड दुपटीने वाढेल, वर दिवा आहे, खाली कुंडी आहे, पस्तावशील. मी कोवळ्यातच शेंडा खुडला, दोन मुख्य फांद्या ठेवल्या आणि एक डावीकडे, एक उजवीकडे अशी खाली बांधली. पुढे दोन्ही टोकं कापडाला टेकायला आली. मध्ये बोटभर जागा राहिली असेल."

नॅडीन गुडघ्यांवर बसली. तंबूच्या दोन्ही टोकांना दांडीला सुतळीचे तुकडे लटकत होते. ते कापलेले होते. तिने झाडाच्या लांबीएवढी, पावणेचार फूट सुतळी मोजून खिशात घातली.

"चल डग," ती म्हणाली. "आज तुझ्यासाठी तंबू बघायचा."

"आज? अगं, चोर पकडायचाय ना?"

"तोंडाने कमी बोल आणि सगळ्यांना सल्ला विचार. आमचे लोक गुन्हा कबूल करणार नाहीत, पण तंबूबद्दल विचारलंस तर थांबणार नाहीत."

*

जत्रेच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. तीन झाडं मंचाजवळ मांडली होती. पहिलं उंच आणि भरगच्च, खाली रुंद, वर निमुळतं. दुसरं बुटकं, गोल, गोंडस. तिसरं उंच, दोन फांद्यांचं, दोन्ही फांद्या बांबूंना सरळ उभ्या बांधलेल्या.

पहिलं ग्लेन सोरेन्सनचं. हाच तो तंबूंचा दुकानदार. डगने तोंड उघडायचा अवकाश, ग्लेनने त्याचा दंड पकडला.

"चार बाय चार घे, उंची साडेसहा. आजचं झाड बघून तंबू घेणारा गाढव असतो. फुलं यावीत म्हणून दिव्याचे तास कमी केले की झाड दुपटीने वाढतं. मार्फाला हेच सांगून थकलो."

"तुझ्या तंबूत झाडं किती?" नॅडीनने विचारलं.

"दोन. हातपाय पसरू द्यावेत. मार्फाचं झाड गेलं, ऐकलं मी. सगळे माझ्याकडेच बघतायत, तंबू मी विकला म्हणून."

दुसरं झाड निवृत्त शिक्षिका बर्नडेट कोइल यांचं होतं. "माझा दोन बाय दोन," त्या म्हणाल्या. "कपाटात मावतो. एक झाड, एक बाई. हॅडो, तू वर्गात होतास तेव्हाही तुला पट्टी धरता येत नव्हती. आधी खोली मोजून ये."

डगचे कान लाल झाले.

तिसऱ्या झाडाशी ऑर्विल टॅगार्ट उभा होता. निकचा जुना जोडीदार. रानातल्या दिवसांत दोघं मिळून ओढ्यावरून पाणी वाहायचे. आज बक्षीस त्यालाच मिळणार, असं हॉलमध्ये जो तो म्हणत होता.

"तीन बाय तीन," ऑर्विल म्हणाला. "आणि त्यात चार झाडं. सरकार चार म्हणतंय, मग मी तीन का लावू? भिंतीला भिंत, आत हात घालायला जागा नाही. ज्याच्या तंबूत चार नाहीत त्याने स्वतःला बागवान म्हणवू नये."

"चारही त्याच तंबूत वाढली?"

"रोपं होती तेव्हापासून. एक दिवस बाहेर काढली नाहीत."

"बेचक्यात ही हिरवी चिकटपट्टी कसली?"

"गाडीतून आणताना जरा चिरलं. बांबू त्यासाठीच लावलेत." त्याने मान वळवली. "मार्फा कशी आहे? बिचारी."

डग झाडाभोवती एक फेरी मारून आला. "झाड झकास आहे," तो म्हणाला, "पण बाहेरून टक्कल आणि सगळी फुलं आतल्या बाजूला. न्हाव्याने अर्धंच डोकं केल्यासारखं दिसतंय."

ऑर्विल हसला. नॅडीन हसली नाही. ऑर्विल कॉफी आणायला वळताच तिने सुतळी काढली आणि एका शेंड्यापासून बेचक्यापर्यंत, तिथून दुसऱ्या शेंड्यापर्यंत धरली.

मग ती मार्फाला आणायला धावली. डगने इतकं धावताना तिला कधी बघितलं नव्हतं.

*

चारला दहा मिनिटं कमी होती. परीक्षकांनी ऑर्विलचं नाव जाहीर केलं होतं आणि कापायची करवत मंचावर आली होती.

"थांबा," नॅडीन मंचावर चढून म्हणाली. "हे झाड मार्फा ओसाचॉफ यांचं आहे."

हॉलमध्ये एकच गलका झाला. ऑर्विलने हात वर केले. "नॅडीन, मार्फाचं झाड आडवं होतं. हे उभं आहे. आंधळ्यालाही दिसेल."

"उभं केलंय. उभ्या फांदीला फुलं चारी बाजूंनी येतात. ग्लेनचं झाड बघा, बर्नडेटबाईंचं बघा. याच्या फांद्या बाहेरून बोडक्या आहेत, फुलं फक्त आतल्या अंगाला. डगला ते दिसलं, फक्त त्याचा अर्थ लागला नाही. फांदी आडवी असली की वरून दिवा मिळतो, म्हणून फुलं वरच्याच अंगाला येतात. अशा दोन आडव्या फांद्या उभ्या केल्या की वरचं अंग आत येतं. आणि जून फांदी जबरदस्तीने उभी केली की बेचकं चिरतं. म्हणून ती चिकटपट्टी."

"मीही आडवंच वाढवलं होतं मग," ऑर्विल म्हणाला. "जत्रेसाठी उभं बांधलं. हा काही गुन्हा नाही."

"नाही. पण टोकापासून टोकापर्यंत झाड पावणेचार फूट भरतं. तुमचा तंबू तीन फुटी."

ऑर्विलने झाडाकडे बघून मनात हिशेब केला आणि त्याचा चेहरा उजळला. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं ठेवलं होतं. तिरकं सव्वाचार फूट भरतं. शाळेत शिकवतात."

बर्नडेटबाईंनी नाइलाजाने मान हलवली. डग पुटपुटला, "गेलं आपलं."

"तिरकं नक्की मावेल," नॅडीन शांतपणे म्हणाली. "मग बाकीची तीन कुठे होती, ऑर्विल? तासाभरापूर्वी तुम्ही सांगितलंत, त्याच तंबूत चार झाडं, भिंतीला भिंत, एक दिवस बाहेर काढली नाहीत. हे तिरकं आडवं पडलं तर बाकीच्या तिन्हींच्या उरावर पडेल. हे एकटं वाढलेलं झाड आहे. या खोऱ्यात चार फुटी तंबू एकट्या झाडाला देणारी एकच बाई मला माहीत आहे."

तिने खिशातून कात्री काढली आणि बांबूंच्या गाठी कापल्या.

दोन्ही फांद्या हळूहळू बाहेर झुकल्या आणि आडव्या झाल्या. सगळी फुलं एका रांगेत वर तोंड करून उभी राहिली. मार्फाने उजव्या डोळ्यावर हात धरला.

ऑर्विल पायरीवर खाली बसला. "माझ्या चारही झाडांना बुरशी लागली," तो म्हणाला. "इतकी दाटीवाटी केल्यावर लागणारच. जाहीर करून बसलो होतो की यंदा बक्षीस माझं. आणि तीस वर्षं पाणी मीही वाहिलं, मार्फा. वाण दोघांचा होता, पण खोऱ्यात सगळे निकचा वाण म्हणतात. मला वाटलं, एक झाड गेलं तर काय, तिच्याकडे बरणी भरलेली असेल. पुढच्या वर्षी दुसरं लावेल."

"बरणी उंदरांनी खाल्ली," मार्फा म्हणाली. "हा शेवटचा दाणा होता."

ऑर्विलने मान वर केली. करवत त्याच्यासमोरच टेबलावर होती. तिच्याकडे बघताना त्याचा रंग उडाला. मग तो म्हातारा माणूस भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर रडला.

परीक्षकांनी हळूच विचारलं, "मिसेस ओसाचॉफ, पोलिसांना बोलवायचं का? आणि बक्षीस..."

"बक्षीस ग्लेनला द्या." मार्फा ऑर्विलसमोर येऊन उभी राहिली. "तू मागायचं होतंस. निकने तुला कधी नाही म्हटलं?"

"नाही."

"मग ऊठ. मला ही बादली उचलवत नाही. घरी ने, आजचे दिव्याचे तास अजून राहिलेत. खालच्या फांद्या फुटल्या की निम्मी रोपं तुझी. आणि सावकाश चाल. ओढ्यावरून येताना अर्धं पाणी तू नेहमी सांडायचास, निक सांगायचा मला."

ऑर्विलने डोळे पुसले आणि बादली छातीशी धरली. दार अरुंद होतं. तो आडवा वळला आणि एकही फूल चौकटीला लागू न देता बाहेर पडला.