पायांकडे बघणारा माणूस

पहिल्या भेटीत ज्या माणसाने माझ्या तोंडाकडे न बघता नुसते पाय बघितले, त्याच्याच घरात मी आज राज्य करते आहे. हसू नका पोरींनो, ऐका.

साबणाच्या कारखान्यात मी खोकी उचलायचे. रोजंदारीवर. आज काम आहे, उद्याचं कोण सांगणार? कामगारांच्या स्पर्धा जाहीर झाल्या आणि साहेब म्हणाले, गोळाफेकीत पहिली येईल तिला कायम करू. घरी आई अंथरुणाला खिळलेली. मी कशाला मागे राहते!

शिकवायला आमची मुकादमीण.

"अगं, कुत्र्याला दगड मारतेस का? गोळा मानेला चिकटव, हनुवटीखाली. गुडघ्यातून जोर काढ आणि ढकल!"

ढकलला. वळून बघते तर आखलेल्या वर्तुळापाशी एक लांबोडका उकिडवा बसलेला. हातात दोन झेंडे, पांढरा आणि लाल. आणि नजर… माझ्या पायांवर!

"काय हो, चपलांचं दुकान आहे का तुमचं?"

"नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतो. स्पर्धेला पंच आहे, म्हणून डोळ्याला सवय करतोय."

"मग वर बघा की. तोंड वर आहे माझं."

"असेल," तो म्हणाला, "पण चूक खाली होते."

असेल?! अख्खा कारखाना माझ्या तोंडाकडे बघून खोकी चुकीच्या थप्पीला लावायचा, आणि हा म्हणतो असेल!

तरी रोज यायचा. एकदा गवत दवाने ओलं होतं, तर खिशातून फडकं काढून माझ्यापुढे धरलं. "बुटांचे तळ पुसा. घसराल." आवाज असा मऊ की मला काहीच कळेना. ह्याला मी आवडते… की माझे बूट? घरी जाऊन टाचांना तेल लावलं. बुटात टाचा दिसत नाहीत, हे तेल लावून झाल्यावर सुचलं. डोकं म्हणून ठिकाणावर नव्हतं.

स्पर्धेच्या दिवशी तीन संधी. पहिलाच गोळा असा लांब गेला की हरखून मी तशीच पुढे धावले, वर्तुळाच्या पुढची लाकडी पट्टी ओलांडून.

लाल झेंडा.

"अहो!"

"बाहेर पडायचं ते मागच्या अर्ध्यातून. पुढून पडलात, मोजणार नाही."

"आपल्या माणसालासुद्धा?" तोंडातून निसटलंच.

त्याचे कान झेंड्याच्या रंगाचे झाले. "आपलं माणूस म्हणूनच तर…"

"म्हणूनच काय?"

"पुढची खेळाडू थांबलीय."

झालं! दुसऱ्या वेळी डोक्यात एवढंच — म्हणूनच काय, म्हणूनच काय — आणि गोळा मानेवरून आधीच सुटला. पुन्हा लाल.

"आता एकच उरलाय," मुकादमीण दातओठ खात म्हणाली. "नोकरी गोळ्यात आहे, बाई, झेंड्यात नाही."

तिसऱ्या वेळी जीव कंठाशी आणि गोळाही कंठाशी. वाकले, सरकले, सगळं अंग वळवून ढकलला. गेला… गेला… धप्प! मी पट्टीला आतून अडून डोलतेय. डावीकडे पुढे तो, पायांकडे बघत. एक पाऊल टाकलं की त्याच्यापाशी. सगळं मन तिकडेच ओढ घेत होतं. ओठ चावला, त्याच्याकडे पाठ केली आणि मागून बाहेर पडले. वळून बघायची हिंमत होईना.

"पांढरा!" मुकादमीण किंचाळली. "अगं, पांढरा दाखवला!"

फीत लावून मोजलं. पहिली आले, कायम झाले. साहेब हार घेऊन उभे, आणि मी वळसा घालून झेंडेवाल्यापुढे.

"म्हणूनच काय?"

त्याने दोन्ही झेंडे गवतावर ठेवले. मग पहिल्यांदा वर बघितलं. बघतच राहिला.

"बोला की!"

"हे तोंड आधी बघितलं असतं," तो हळूच म्हणाला, "तर तिन्ही वेळा पांढराच वर गेला असता. म्हणून नाही बघितलं."

घ्या! इतके दिवस मी टाचांना तेल लावतेय.

आता भांडण झालं की मी पिशवी उचलते आणि पुढच्या दाराकडे निघते. हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "पुढून गेलीस तर मोजणार नाही हं."

आणि मी, जन्मात कुणाचं न ऐकलेली, मुकाट मागच्या दाराने बाहेर पडते… नि घराला वळसा घालून पुढच्या दारात येऊन उभी राहते. तोवर पेपर खाली आलेला असतो, आणि डोळे वर.