पाळण्यावरचा दावा

आमच्या ऑफिसात गाण्यांचे मालक ठरतात. खराडीत सहाव्या मजल्यावर बसून, कुणी कुणाचं गाणं न विचारता व्हिडिओत वापरलं, हे आम्ही तपासतो. पकडायचं काम मशीन करतं. माणसाच्या बोटाचे ठसे जुळवावेत तसे ते आवाजाचे ठसे जुळवतं. वाद झाला की दावा करणाऱ्याची मूळ फाइल आणि व्हिडिओ दोन्ही ऐकून मी निर्णय देतो. माझ्या कानावर माझा भारी विश्वास होता. भुताखेतांवर अजिबात नव्हता.

माझी बहीण कल्याणी बाळंतपणाला खडकीला, आमच्या क्वार्टरमध्ये आली होती. बाबा दारूगोळा कारखान्यात आहेत. बाराव्या दिवशी बारसं झालं. तथागतांच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावल्या, बायका जमल्या आणि आईने पाळणा म्हटला. तो पुस्तकातला नव्हता. चाल तिची, शब्दही तिचेच. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं करत बाराव्या कडव्यात बाळाचं नाव गुंफायचं, अशी तिची रीत.

नाव 'आरोही' ठरलं होतं. पण बाळाची आत्या भाग्यश्री कानात कुर्र करायला वाकली आणि गडबडीत म्हणाली, "यशोधरा."

"अगं, हे कुठून काढलंस?" कल्याणी जवळजवळ ओरडलीच.

"काय माहीत! तोंडातून गेलं."

"आता कानात पडलं ना, मग तेच," आई म्हणाली. तिने जागच्या जागी बारावं कडवं बदललं. तेवढ्यात पोरीने असं भोकाड पसरलं की पाळण्याचा शेवट कुणाला धड ऐकूच आला नाही.

सगळं मी मोबाइलवर घेतलं. भावजी चेतन कामासाठी दुबईत अडकले होते, त्यांच्यासाठी व्हिडिओ नेटवर चढवला.

बारशानंतर तिसऱ्या दिवशी ऑफिसात जेवण करून बसलो, तर त्या व्हिडिओवर दावा आलेला. गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणे. मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या श्यामसुंदररावांना दाखवलं.

"वा! मातोश्रींनी चोरी केली का?" ते म्हणाले. "अहो, मशीन कधीकधी मिक्सरलाही तबला समजतं. मूळ फाइल ऐका आणि मोकळे व्हा."

मालकाच्या नावाची जागा कोरी होती. ती कोरी ठेवली तर आमची यंत्रणा दावा घेतच नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. फाइल नऊ वर्षांपूर्वीची होती. कल्याणी तेव्हा दहावीत होती.

हेडफोन लावला. आमच्या घरच्या पंख्याची ओळखीची खडखड आली, मग कारखान्याचा भोंगा, आणि मग आईचा आवाज.

तो पंखा आम्ही यंदाच्या उन्हाळ्यात घेतला आहे.

आईसारखा आवाज नव्हे, आईचाच. घसा साफ करण्याची तिची लकबही त्यात होती. एकेक कडवं पुढे सरकलं. बाराव्यात ती स्पष्ट म्हणाली, 'यशोधरा'. भाग्यश्रीच्या तोंडून ते नाव निघेपर्यंत ते तिलाही माहीत नव्हतं.

बाराव्यावर पाळणा संपतो. हा संपला नाही.

'तेराव्या दिवशी मांजर आलं, पाळण्याखाली निजून गेलं, जो जो.'

परवा मांजर आलं होतं. मीच हाकललं होतं.

'चौदाव्या दिवशी दूध सांडलं, आजोबांनी पुसून काढलं, जो जो.'

काल बाबा गुडघे टेकून फरशी पुसत होते.

'पंधराव्या दिवशी बांगडी फुटली, आजीच्या हाताला काच लागली, जो जो.'

मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"आई बरी आहे ना?"

"बरी आहे रे," कल्याणी म्हणाली. "आत्ताच मोरीच्या दाराला हात आपटला, बांगडी फुटली. थोडं रक्त आलंय. पण तुला कुणी सांगितलं?"

मी फोन ठेवला. मला भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी. जागेवर येऊन उरलेलं ऐकलं. एकच कडवं राहिलं होतं.

'सोळाव्या दिवशी बाळ रडलं, कुणाला नाही ऐकू आलं, जो जो.'

पुढे नुसता पंखा.

म्हणजे उद्या. माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते येऊ लागलं. कुणी पोरीला उचलून नेलंय, कुठेतरी ती रडते आहे आणि आम्ही कुणीच जवळ नाही. काहीही करून तो दावा पुसायचा, एवढंच मला सुचलं. व्हिडिओच उडवला तरी दावा नोंदीत राहतो; तो सुटायला दोनच वाटा होत्या: फक्त गाणं काढा किंवा सगळा आवाज बंद करा. नुसतं गाणं काढलं की मागे गाण्याचे कण राहतात आणि मशीन पुन्हा पकडतं. हे मी रोज लोकांना शिकवतो. मी सगळा आवाज बंद केला, पोरीच्या भोकाडासकट.

दावा लगेच उठला. फाइलही नाहीशी झाली. मला रडूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळपासून पाळण्याजवळ ठाण मांडलं. दाराची कडी मी स्वतः लावली होती.

"मामाला नोकरीवरून काढलं वाटतं," बाबा म्हणाले. कल्याणी हसली. ती रात्रभर गाढ झोपली होती, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच.

"आज किती शहाण्यासारखी निजलीये," आई म्हणाली. "सकाळपासून हूं नाही की चूं नाही." मनगटाला चिंधी बांधून ती स्वयंपाकघरात गेली.

रडली नाही, म्हणजे कडवं खोटं ठरलं. मला फार हलकं वाटलं.

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. पंखा खडखडत होता. मी कौतुकाने पाळण्यावरची दाट मच्छरदाणी वर केली.

पोरीचा चेहरा लालभडक झाला होता. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळून दुपटं भिजलं होतं. मुठी आवळलेल्या, पाय झाडत होती, तोंड पूर्ण उघडं. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

आवाज नव्हता.

मी कान तिच्या ओठांना लावला. गरम श्वास लागला. बाकी काही नाही.

आतून आईने हळूच विचारलं, "झोपलीये ना अजून?"