आडवी लाइन

"बाय, तुज्या भावाला सांग. त्यानं आडवी लाइन मोजली नाय. आता माजा धाऊ मोजंल."

मुरबाडच्या एसटी स्टँडवर गिरजा मला हे म्हणाली. दुःखात बोलतेय बिचारी, म्हणत मी सोडून दिलं.

पटो न पटो, घडलंय ते खरं. याच मे महिन्यात, २००४, वाशिंदला, माझ्या भावाच्या घरी.

माझा भाऊ अनिकेत मशीननं जमिनीखालचं पाणी शोधतो. ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या, वीज सोडायची. कळतं ते मधल्या जागेखालचं. खुंट्या लांब नेल्या की खोलातलं. जवळ आणल्या की वरचं. एका ओळीवर भरवसा नको, म्हणून दुसरी आडवी घ्यायची.

वैशाखरे गावात विहिरीची जागा बघताना त्यानं ती घेतली नाही. घाई होती.

"कातळ आहे, खणा बिनधास्त!"

कातळ एकाच बाजूला होता. दुसरीकडची माती ढासळली. गिरजाचा नवरा धाऊ विहिरीत गाडला गेला. वर काढताच आला नाही.

"एवढं खोल जायला सांगितलं कुणी?" अनिकेत म्हणाला होता. गिरजाच्या तोंडावर.

सुट्टीत मी लेकीला घेऊन त्याच्याकडे गेले. दिवेलागणीला बाहेरून आवाज आला...

ठक. ठक.

कुंपणाशी जमिनीत भोकं पडलेली. अलीकडे दोन, पलीकडे दोन. आणि... आडवी चार.

"घुशी असतील गं ताई."

दुसऱ्या दिवशी भोकं अंगणात आली. तो हसला नाही. दोरी धरून त्यानं मध्य काढला.

त्याचा पलंग.

पलंग स्वयंपाकघरात नेला. संध्याकाळी भोकं भिंतींना टेकलेली... मध्य स्वयंपाकघरात.

अनिकेतनं दोरी खाली टाकली.

"ताई, खुंट्या जवळ येतायत. तो खालून वर येतोय."

"चल माझ्याबरोबर!"

"जाईन तिथं मध्य येईल. तुझ्या कडेवर पोर आहे. निघ तू."

मी निघाले. काय करणार होते?

परवापासून त्याच्या घरचा फोन नुसता वाजतोय. काल कुणीतरी उचलला. बोललं नाही.

ठक... ठक... आणि माती ढासळल्याचा आवाज.

वाशिंदला कुणी राहत असाल, तर एकदा बघून या हो. कौलारू घर, दारात पिवळी जीप. आधी भिंतीकडेला बघा. भोकं तिथंच असतील, तर जोरात हाक मारा.

बाहेर कुठंच दिसली नाहीत, तर...

दार उघडू नका. मला कळवा.