सावळदरीचे दोन मीटर

सावळदरीतल्या प्रत्येक माणसाची जमीन चोरीला गेली होती आणि चोर मात्र एकही सापडत नव्हता.

चोरी तशी फार मोठी नव्हे. प्रत्येकाची दोन मीटर रुंदीची पट्टी. पण जमिनीच्या बाबतीत दोन मीटर म्हणजे काय, हे ज्याने भावकीतली मोजणी पाहिली आहे त्यालाच कळेल. सकाळपासून ग्रामपंचायतीच्या सभागृहात माणसं येत होती, ओरडत होती, पाणी पिऊन पुन्हा ओरडत होती. मोजणीच्या मॅडम ऐकून घेत होत्या. त्यांचं नाव आर्या कुंभोजकर. त्या भूकरमापक (सरकारतर्फे जमीन मोजून हद्दी दाखवणारे अधिकारी) होत्या. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावात हेच ऐकलं, त्याआधी पलीकडच्या गावात हेच. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

त्यांच्या बाजूला मापाडी उभा होता. हा तीन पायांचा, मोजणी करणारा यंत्रमानव. उपग्रहांना विचारून स्वतःची जागा ओळखायची, देशाच्या नव्या नकाशात बघायचं आणि हद्द असेल तिथे पिवळी खुंटी ठोकायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी त्याने इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या की, आता कुणी तावातावाने जवळ आलं की त्याचा पंखा आपोआप घरघरायचा. ऐकणाऱ्याला वाटे, उसासाच टाकला.

अकरा वर्षांची मिहिका दाराशी बसून हे पाहत होती. तिलाही घोर होताच.

सावळदरीची शेतं डोंगरउतारावर पायऱ्यांसारखी मांडलेली आहेत. वरचं टोक ईशान्येला, खालचं नैर्ऋत्येला. त्यात गावाची जुनी समजूत अशी, की पाण्याची जागा ईशान्येलाच हवी. म्हणून प्रत्येकाने बोअर घेतली ती वरच्या बांधाला अगदी चिकटून. शास्त्रही पाळलं, पिकाची जागाही वाचली! पण आता मापाड्याच्या खुंट्या दोन मीटर खाली पडल्या आणि प्रत्येकाची बोअर वरच्या शेजाऱ्याच्या हद्दीत गेली.

मिहिकाचे बाबा अद्वैत शिंदे यांची बोअर वरच्या शेतातल्या स्वप्निलआबांकडे गेली होती. संध्याकाळी सहाला नकाशा कायम होणार. गावातले पंप नकाशाला जोडलेले. ज्याची हद्द, त्याच्याच अंगठ्याने पंप चालू व्हायचा. म्हणजे सहानंतर बाबांचा पंप बाबांनाच ओळखणार नव्हता. वैशाखाचं ऊन, सीताफळाची नुकती लावलेली कलमं. पाणी तुटलं की बाग संपली.

"आबा, खरं सांगा. नकाशात हद्द खाली कधी सरकवून घेतलीत?" बाबा विचारत होते. कालपर्यंत याच आबांच्या ओट्यावर त्यांचा संध्याकाळचा चहा व्हायचा.

"अरे, माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्यात. मी कचेरीचे जिने चढतोय होय?" आबा उसळले. "आणि तुझा बाप बांध कोरायचा, तेव्हा मी काही बोललो?"

बांध कोरणं म्हणजे नांगरताना सामाईक बांधाची कड जराशी आपल्याकडे ओढून घेणं. हे कुणीच करत नाही आणि सगळ्यांच्या शेजाऱ्यांना मात्र ती खोड असते.

"मिहिका, आबांच्या घरी जायचं नाही आता," बाबांनी बजावलं.

आबांच्या ओट्यावर मिहिकाचा सोंगट्यांचा डाव अर्धा राहिला होता. मग तिने विचारलं, "बाबा, आपल्या खालच्या हद्दीचं काय?"

"काय तिचं?"

"तिथली खुंटीपण खाली गेलीय. म्हणजे निरंजनकाकांची बोअर आपल्याकडे आलीय."

बाबा खोकले. "त्याचं तो बघेल."

तिने निरंजनकाकांना गाठलं. "तुझ्या बापाने माझी बोअर गिळली," ते म्हणाले. पण तुम्हाला खालच्या शेताची बोअर मिळाली ना, असं विचारताच काकांना एकाएकी म्हशीची धार आठवली आणि ते उठले.

माणसाच्या हिशेबाची ही रीतच आहे. गेलेलं तो वेशीवर जाऊन सांगतो, आलेलं मुकाट्याने कनवटीला लावतो. सकाळपासून सभागृहात नुसती खर्चाची बाजू वाचली जात होती. जमेची बाजू उघडायला कुणी तयार नव्हतं.

मिहिका मापाड्यापाशी गेली. "सगळ्यांच्या खुंट्या किती सरकल्या रे?"

पंखा घरघरला. "हा प्रश्न आज पहिल्यांदाच आला. प्रत्येकाने फक्त स्वतःचं विचारलं. सगळ्यांच्या सारख्याच सरकल्या. दोन मीटर, नैर्ऋत्येला. देऊळ आणि ओढ्यावरचा पूलसुद्धा नकाशात तेवढाच खाली दिसतो."

"म्हणजे अख्ख्या गावाने मिळून एकाच दिशेला हद्दीचे दगड हलवले?"

"एवढी एकी या गावात गणपतीच्या वर्गणीलासुद्धा झाली नाही," आबा पुटपुटले.

मॅडमनी मात्र मान वर केली. "देऊळही? मापाड्या, हे आकडे कोणत्या वर्षी मोजलेले आहेत?"

"मला जागा दिली आहे. वर्ष दिलेलं नाही."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "चाळीस वर्षांपूर्वीची मोजणी आहे ती. नव्या नकाशात भरताना आकडे तेवढे उचलले, वर्ष उचललंच नाही." मग त्यांनी चहाचा कप पुढे ओढला. "मिहिका, इकडे बघ. कप हलवला की ही साय कशी तुकड्यातुकड्यांनी सरकते? पृथ्वीचं कवच असंच तुकड्यांचं आहे. प्रत्येक तुकडा म्हणजे एक भूपट्ट (जमीन आणि समुद्राचे तळ अंगावर घेऊन सरकणारा खडकाचा प्रचंड थर). खालचा तापलेला खडक अगदी सावकाश हलतो, त्यामुळे वरचे भूपट्टही सरकतात. आपला चाललाय ईशान्येला. वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर. तुझं नख वर्षभरात वाढतं, त्याहून जरा जास्त."

"चाळीस वर्षांत दोनशे सेंटिमीटर," मिहिकाने मनात गुणाकार केला. "दोन मीटर!"

"मग आम्हाला कसं नाही कळलं?" बाबांनी विचारलं.

"एसटी धावायला लागली की तुमची सीट तुमच्यापासून लांब जाते का? दगड, देऊळ, बोअर, तुम्ही, आबा, सगळे एकाच गाडीत बसलाय. उपग्रह त्या गाडीत नाहीत. ते अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरची जागा सांगणारे आकडे) मोजतात ते अख्ख्या पृथ्वीच्या हिशेबाने. रस्त्याकडेला उभं राहून गाडी बघणाऱ्या माणसासारखे. त्यांच्या दृष्टीने गाव पुढे गेलंय."

"आणि मापाड्याने जुन्या जागी खुंट्या ठोकल्या!" मिहिका म्हणाली. "दगड बरोबर आहेत. खुंट्या मागे राहिल्या."

सभागृहातली माणसं पुन्हा पाणी प्यायला उठली. भांडण हातचं गेल्यावर माणसाला उगाच रिकामं रिकामं वाटतं.

मॅडमनी जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडचा आवाजही थकलेलाच होता. "मॅडम, प्रत्येक तक्रारीची फाईल वेगळी चाललीय. तुमचीही लावतो रांगेत."

"रांगेत नका लावू. सगळ्या गावांच्या तक्रारी एकत्र काढा आणि दिशा बघा. फक्त दिशा."

बराच वेळ फोनवर नुसती खुडबुड ऐकू आली. मग तो आवाज हळूच म्हणाला, "सगळ्या नैर्ऋत्येला आहेत हो." इतक्या तक्रारी आल्या होत्या, पण त्या शेजारी शेजारी ठेवून कुणी पाहिल्याच नव्हत्या.

नकाशा कायम करणं थांबलं. यापुढे प्रत्येक जागेच्या आकड्याला त्याचं वर्ष जोडायचं आणि गाव सरकेल तसा नकाशाही सरकवायचा, असं ठरलं. सहा वाजून गेल्यावर बाबांनी पंपावर अंगठा ठेवला. पंप गुरगुरला. कलमांच्या आळ्यांत पाणी उतरलं.

मापाडी पुन्हा बांधाबांधाने खुंट्या मारत आला. बाबांच्या वरच्या हद्दीवरची खुंटी दगडाजवळ आली, पण दगडाच्या जराशी खालीच राहिली.

"भूपट्टाचा हिशेब वजा केला," मापाडी म्हणाला. "इथे एक वीत शिल्लक राहते. ती पृथ्वीची नाही."

बाबा आभाळाकडे बघू लागले.

"अद्वैत," आबा गोड आवाजात म्हणाले, "हा भूपट्ट नांगराला जुंपलेला दिसतोय."

"भरून देतो बांध उद्या," बाबा खाली मान घालून म्हणाले.

मिहिकाने मॅडमना विचारलं, "मी तुमच्याएवढी होईन, तेव्हा गाव कुठे असेल?"

"आणखी दीडेक मीटर पुढे." दिवसभरात मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आणि तेव्हा नकाशाला ते ठाऊक असेल. एवढं भांडण तरी वाचेल."

"चल मिहिका, डाव पुरा करू. अद्वैत, तूही चल, चहा टाकतो," आबा म्हणाले आणि एकदम थांबले. मापाडी त्यांच्या वरच्या बांधाकडे वळला होता. "अरे, तिकडे कशाला आता? उजेड गेलाय! उद्या बघ, उद्या!"

मापाडी कुणाचंही न ऐकता आपले तीन पाय टाकत वर चढत राहिला.